शुक्रवारची हजेरी

ईरा, निहार, तुमची आत्या इथल्या हमद बंदरावर कामाला गेली होती, मी तिच्या दोह्यातल्या घरी एकटीच. बैरूतहून फादरांच्या मुलीचा फोन आला. उपचारांसाठी तिकडे गेलेले फादर वारले होते... मी फोन ठेवला आणि भाजी चिरायची तशीच राहिली. त्याला सहा आठवडे झाले.

फादर आर्मेनियन चर्चचे, त्यांच्यात पाद्री लग्न करू शकतात; अल मुंतझा भागातल्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहा वाजता बैठकीच्या खोलीत आर्मेनियन मुलांना जमवून ते त्यांची लिपी गिरवून घेत, जुनी गाणी शिकवत. मुलं इंग्रजी शाळेतली. घरची भाषा कळायची, पण उत्तर इंग्रजीतून. अगदी तुमच्यासारखी. माझी सगळी नोकरी नाशिकच्या शाळेत झालेली, म्हणून इंग्रजी अक्षरांतला हजेरीपट मी सांभाळायला मागून घेतला. एक कुटुंब दोहा सोडून गेलं, तेव्हा पट्टी ठेवून मी त्यांच्या मुलीचं नाव लाल शाईनं खोडलं. पुढच्या शुक्रवारी फादरांनी ते खाली पुन्हा लिहिलेलं. गेलेल्यांचीही नावं ते पुकारत आणि उरलेली मुलं त्यांच्या वतीनं 'हजर' म्हणत. शेवटी वर्गात चार मुलं आणि हजेरी मात्र संपता संपेना. ही कसली शिस्त, असं मी म्हटलं, तर हसून म्हणाले, "मॅडम, शाळा तपासायला इन्स्पेक्टर आला तर तुम्ही स्वयंपाकघरात लपा."

एकदा चहा घेताना त्यांनी तुमची चौकशी केली. नातवंडं मराठीतून बोलतच नाहीत, म्हणून फोनवर मीही हल्ली इंग्रजीच बोलते, असं मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"उत्तर त्यांना हवं तसं देऊ दे. पण तुम्ही हाक का बदललीत?"

मला राग आला. दोन शुक्रवार वर गेलेच नाही. तिसऱ्या शुक्रवारी गेले तर दाराला कुलूप... वॉचमननं हजेरीपट हातात दिला. म्हणाला, फादर बैरूतला जाताना तुमच्यासाठी ठेवून गेलेत.

वरच्या घरात आता दुसरे लोक आलेत. पट माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर, सगळ्या नावांच्या खाली, फादरांनी थरथरत्या इंग्रजी अक्षरांत तुमची दोघांची नावं लिहिली आहेत. शुक्रवारी दहा वाजता मी सगळी नावं मोठ्यानं वाचते. तुमच्या नावांनंतर जरा थांबते. घरात फक्त एसीचा आवाज असतो.

रविवारी तुमचा फोन आला की मी मराठीतच विचारणार आहे, जेवलात का? उत्तर तुम्हाला हवं तसं द्या.