इस्माईलमामांचा जाळपट्टा

इस्माईलमामा गेल्याचं मला कराडच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. इस्लामपूरला आईकडे जाऊन मी परत येत होते, कोयनानगरची गाडी धरायची होती. "आवं बाई, तुमचे गवंडीमामा गेले की! लेकीकडं आलते, सकाळी चहा पिता पिता..." एवढं बोलून त्यानं घंटी मारली. मला मेलीला रडूही आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता सांगायचं राहूनच गेलं. सहा आठवडे झाले, तो विचार काही पाठ सोडत नाही, म्हणून लिहायला बसले.

मामा मूळचे कराडचे, दगडी कामाचे गवंडी. धरणाच्या कामावर आले आणि कोयनानगरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत राहिले. मी तिथली शाळामास्तरीण. भूकंपात त्यांची बायको त्यांनीच बांधलेल्या भिंतीखाली सापडली. त्यानंतर त्यांनी दगडाला हात लावला नाही. पडलेली वाडी उभी केली ती त्यांनीच, पण सगळी कारवीच्या काठ्यांच्या कुडाची आणि गवताच्या छपराची. "पुन्यांदा हाललं तर गवात पडंल डोक्यावर. खरचटायचं बी न्हाई," म्हणायचे. लोकांना पटलं. भिंतीच्या धाकानं अंगणात निजणारी माणसं परत घरात गेली. शाळाही त्यांनी तशीच बांधून दिली. घरांच्या पाठीमागं हात लांब केला की डोंगराचं गवत, त्याच्या वर रान. पण आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो, कधी हलते म्हणून. डोंगराकडं कोण बघतंय!

चूक माझी. हिवाळ्यात शाळेच्या कुडातून वारा असा घुसायचा की पोरांची बोटं पाटीवर वळायची नाहीत. मी पोरांकडून गवत कापून घेतलं आणि त्याच्या पेंढ्या मागच्या कुडाला थेट छपरापर्यंत रचल्या. मामांनी बघितलं. "बाई, थंडी सरली की काढा बरं का त्या. वाळलं गवात हाय."

"काढते हो मामा, तुमचं आपलं कायतरी!"

थंडी सरली, परीक्षा आल्या, आणि पेंढ्या राहिल्या.

चैत्रात राब भाजतात. नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवायचा, की जमीन भाजून निघते. दरवर्षीचंच काम. त्या दुपारी वारं फिरलं आणि राबाची आग डोंगराच्या गवताला लागली. शाळा सकाळची होती, पोरं घरी गेली होती, देवाची कृपा. माझ्या डोळ्यांदेखत आग पेंढ्यांवर चढली, पेंढ्यांवरून शाळेच्या छपरावर, आणि तिथून जळतं गवत उडत घराघरांवर... नऊ घरं गेली. माणसं वाचली. सखूबाईची गाय दावणीला होती, ती सोडायची राहिली. तिचं हंबरणं अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे राखेत बसलेले. सखूबाईचा लेक बाळू मामांवर धावून गेला. "तुमच्या भ्यापायी आमी गवताच्या घरात राह्यलो! दगडाची असती तर अशी जळली असती व्हय?" मामा खाली मान घालून ऐकत राहिले. मी तिथंच होते. एका वाक्याचं काम होतं. नोकरी जाईल, लोक तोंडाला काळं फासतील, काय काय मनात आलं... मी गप्प बसले. लाज वाटते लिहिताना, पण बसले.

पाऊस यायच्या आत मामांनी घरं आणि शाळा पुन्हा उभी करायला घेतली. या खेपेला कमरेएवढी दगडी भिंत, वर कूड, वर कौलं. पहिला दगड त्यांनी तीनदा उचलून खाली ठेवला, मग बसवला. आणि त्यानंतर दर माघात कोयता, खुरपं घेऊन ते डोंगर आणि घरं यांच्यामधलं गवत मातीपर्यंत काढायचे, चांगला रुंद पट्टा, एकट्यानं. जंगलखात्याची माणसं त्याला जाळपट्टा म्हणतात, वणवा आला तर तिथंच अडतो. वाडीतले लोक हसायचे, "मामा डोंगराची हजामत करायला निघाले!" मी तिथं चहा नेऊन द्यायचे. रोज ठरवायचे, आज बोलायचंच. मामा घोट घ्यायचे, म्हणायचे, "बाई, साखर लय घालता तुमी," आणि माझं बोलणं तिथंच अडायचं. अशी चार वर्षं घालवली मी.

मामांचा चाळीसावा दिवस झाला आणि मागच्या रविवारी मी सखूबाईच्या अंगणात माणसं बोलावून सगळं सांगून टाकलं. कुणी दचकलंसुद्धा नाही. बाळू म्हणाला, "बाई, आमाला तवाच कळलं व्हतं. तुमी रचलेल्या पेंढ्यांचं पोरांनीच सांगितलं घरी."

"मग बोलला नाहीत ते?"

"मामांनी हात जोडले. म्हनले, बाई गेल्या तर एवढ्या वर दुसरं कोन येतंय शिकवायला? काय बोलायचं ते मला बोला." मग त्यानं मान खाली घातली. "आन आमी बोलत राह्यलो."

रडू आलं ते तेव्हा. चारचौघांत, पदर तोंडात धरून रडले.

यंदा माघ निम्मा सरला तरी पट्ट्यात गवत गुडघ्याएवढं उभं होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी कोयता घेऊन गेले, तर बाळू आधीच वाकून कापत होता. शाळेच्या मागून, माझ्या पेंढ्या होत्या तिथूनच, त्यानं सुरुवात केली होती. "मामा हितनंच धरायचे," म्हणाला. खरंच, दर वर्षी तिथूनच धरायचे. ती बाजू सपाट आहे म्हणून, असं मी इतके दिवस समजत होते.