पन्नास रुपयांचा खिळा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी आधी माफी मागते. सांगायचं एवढंच, की आमच्या सिडकोतल्या घरमालकीण मावशींइतकी पैशासाठी जीव टाकणारी आणि पैसे मागायला लाजणारी बाई साऱ्या नाशकात दुसरी सापडायची नाही.

मावशी खाली राहायच्या, मी, हे आणि मुलगी वरच्या खोलीत. मावशींना भिंतींची फार काळजी. खिळा ठोकायचा नाही, ही पहिली अट. ठोकलाच तर जाताना डिपॉझिटमधून खिळ्यामागे पन्नास रुपये कापणार. पहिलं वर्षभर आमचं कॅलेंडर गव्हाच्या कोठीला टेकवलेलं होतं, तारीख बघायला खाली बसावं लागे. दुसरी काळजी पाण्याची. जिना चढून आल्या की आधी दाराबाहेरच्या चपला मोजायच्या. देवळ्याहून भाऊ आला की मी त्याच्या चपला पटकन आत घ्यायचे. एकदा विसरले, तर उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आज चार जण दिसताय. मोटर पाच मिनिटं जास्त चालवावी लागेल." भाऊ बिचारा चहा न पिताच उठला. तर त्याच परत वर आल्या, वाटीभर वांग्याचं भरीत ठेवलं आणि मलाच रागावल्या, "पाहुण्याला उपाशी पाठवते का गं?"

भाडं मात्र त्यांनी तोंडाने कधी मागितलं नाही. एक तारखेला सकाळी यायच्या, माझ्यासमोर बसून मेथी निवडायला घ्यायच्या आणि "जुडी कितीला पडली?" म्हणून विचारायच्या. ह्यांचा पगार सात तारखेला. हे एवढं वाक्य मी मनात दहादा म्हणायचे आणि तोंडातून यायचं, "चहा ठेवू का मावशी?" त्या रोज यायच्या, मी रोज चहा ठेवायचे. सात तारखेपर्यंत मला एकही भाजी निवडावी लागत नसे.

या वर्षी अकरा महिन्यांचा करार संपत आला, तशा त्या निवडता निवडता बोलायला लागल्या. "सिंहस्थ येतोय बाई. समोरच्यांनी भाडं साडेआठ हजार केलं." दोन दिवसांनी, "कोपऱ्यावरच्यांनी नऊ." आम्ही साडेसहा देत होतो. ह्यांचं काम कंत्राटी, पगार पंधरा हजारांवर कधी गेला नाही. पुढचा आकडा आमचाच, ही धास्ती. मी ह्यांच्या मागे लागले आणि ह्यांनी चुंचाळ्याकडे सहा हजारांची खोली धरली, दोन हजार टोकन दिलं. तिथल्या डिपॉझिटचे उरलेले अठ्ठावीस हजार रविवारपर्यंत द्यायचे, नाहीतर खोलीही गेली आणि टोकनही. आमच्याकडे दुसरे पैसे नव्हतेच. होतं ते मावशींकडचं तीस हजार डिपॉझिट. त्यातले अठ्ठावीस खोलीला, दोन टेम्पोला.

खोली सोडतो, हे ह्यांनीच सांगितलं. मावशी नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि आठ दिवसांत दुसरं कुटुंब ठरवलं. डिपॉझिट मागायचं काम माझ्यावर आलं. मी तीनदा खाली गेले. एकदा लसूण सोलून आले, एकदा त्यांच्या गाद्या उन्हात घालून आले, एकदा सुईत दोरा ओवून दिला. शनिवार उजाडला, तरी शब्द फुटला नाही. मग चोरून ठोकलेले सगळे खिळे उपटले, भोकांत टूथपेस्ट भरली आणि वरून बोट फिरवलं. खिळे, रंग, नळ, कशाकशाचे कापतील, कोण जाणे.

तेवढ्यात मावशीच वर आल्या. भिंतीवर तळवा फिरवला, नाक टेकवलं.

"भिंतीला पुदिन्याचा वास येतोय."

मी बोटाची टूथपेस्ट पदराला पुसली.

"सहा आहेत. वर ठोकलं की खाली माझ्या डोक्यात वाजतं. मोजलेत मी."

मला रडूच आलं. "तीनशे कापा मावशी, पण बाकीचे..."

"बाकीचे काय? बोल की! माझा लसूण सोलतेस, गाद्या उन्हात घालतेस, तोंड नाही का तुला?"

"तुम्ही तरी कुठे बोलता?" कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "भाडं वाढवायचं होतं तर सरळ सांगायचं."

मावशींनी भिंतीवरचा हात काढला. "तुमचं वाढवते, असं कधी म्हटलं मी? मी आपली लोकांचं सांगत होते. मला वाटलं, तुम्हालाच मोठी जागा पाहिजे."

नव्या खोलीपेक्षा ही खोली चार हात मोठी होती. पण आमचं टोकन तिकडे गेलेलं आणि नव्या माणसांचं इकडे आलेलं. दोघीही खाली बघत बसलो. निवडायला भाजीसुद्धा नव्हती.

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून पुडकं काढलं. "मोज."

"राहू द्या मावशी, तुम्ही मोजलेच असतील."

"मोज म्हणते ना! उद्या त्या नव्या घरमालकासमोरही अशीच लाजशील. मोठ्याने मोज."

पाचशेच्या नोटा होत्या. मी मोठ्याने मोजायला लागले. चाळिसाच्या पुढे माझा आवाज बसला, तर पुढचे आकडे त्यांनी म्हटले. मी नुसत्या नोटा टाकत गेले. एकोणसाठला त्यांचाही आवाज बसला. शेवटची नोट मी ठेवली आणि साठ म्हटलं. पैसे पूर्ण होते.