अप्पांची गोळी आणि माझी भाजी

अप्पांचं रक्त पातळ ठेवायची जबाबदारी मी घेतली आणि ते घट्ट होऊ लागलं.

अम्मा होती तोवर रक्त पातळ करायची गोळी तीच त्यांच्या हातावर ठेवायची. ती गेली, अप्पा तंजावूरच्या घरी एकटे पडले आणि गोळी विसरू लागले. हृदयाचे ठोके चुकणारा माणूस. रक्ताची गुठळी झाली तर सरळ मेंदूत! चेन्नईचं घर नवऱ्यावर सोपवून (तो जरा जास्तच लगेच 'जा' म्हणाला) मी येऊन दाखल झाले.

एकादशीलाच पहिली चकमक उडाली.

"गोळी नक्को गो. उपास मोडतो."

"अप्पा, गोळी म्हणजे काय पोंगल आहे?"

त्यांनी ती गिळून, जीभ वर करून दाखवेपर्यंत मी समोरून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. आमच्याकडे उपास सोडायला अगत्ती कीरै, म्हणजे हदग्याच्या पाल्याची भाजी, लागतेच. अम्मासारखं खोबरं घालून मी ती केली. पहिल्या घासाला अप्पा थांबले.

"तुझी अम्मा अस्संच करीत होती," म्हणाले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलत बसले. मला तेच तर हवं होतं! मलाही ती फार आठवत होती. मग काय, आमच्या घरी रोज द्वादशी!

रक्ताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. अशक्तपणा नको म्हणून मी भाजी वाढवली. रिपोर्ट आणखी बिघडला!

"गोळी नक्की घेतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या डोळ्यांदेखत!"

"पालेभाजी?"

"रोज! वाटी भरून!" मी ऐटीत सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, एवढा हिरवा पाला या गोळीचा गुणच मारतो! कोण खाऊ घालतं हे?"

"माझी लेक!" अप्पा अभिमानाने म्हणाले.

परतताना ऑटोत मी रडकुंडीला आले. "आता अम्माची भाजी बंद, अप्पा."

"अम्माची कुठली गो?" अप्पांनी माझा हात थोपटला. "तिचा हात तुला कुठला! कडू जहर होत होती. पण ती ताटात आली की आपण अम्माविषयी बोलत होतों. म्हणून अस्की वाटी चाटूनपुसून खाल्ली."

अम्मा तेव्हा शेजारी असायला हवी होती. पोट धरून हसली असती. म्हणाली असती, बापाचा जीव धोक्यात घातला तो घातला, निदान भाजी तरी चवीची करायची!