बांबूवरच्या दोन खुणा

भवानीनगरच्या स्टँडवर नकोशी दिसली की मी सरळ रस्ता बदलतो. ती लांबूनच "नमस्कार सर" म्हणते आणि मला माझीच किळस येते.

कळंबच्या शाळेत मी खेळाचा मास्तर. नकोशी तेव्हा दहावीत. चौथी मुलगी झाली म्हणून घरच्यांनी नावच तसं ठेवलेलं. शी! हे काय नाव झालं? बाप पूर्वी मेंढरं राखायचा, पोरगीही गोफण घेऊन मागं हिंडलेली, त्यामुळं हात आणि नजर दोन्ही पक्के. उंची मात्र चौथीतल्या पोरीएवढी.

१९९४ साली मी शाळेत बेसबॉल आणला. स्ट्राइक झोन समजावून सांगताना म्हणालो, "चेंडू तुमच्यापुढं जमिनीवर ठेवलेल्या या थाळीवरून, गुडघा आणि काख यांच्यामधून आला तर मारायचाच. सोडला किंवा हुकला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद."

"काख कुणाची, सर?" नकोशीनं विचारलं.

"जी खेळतेय तिची. उंच पोरीचा झोन मोठा, तुझा तुझ्याएवढा."

"म्हंजी माप माझंच? आत्ता गं बया!" पोरगी दिवसभर हसत होती.

जिल्ह्याच्या संघाची निवड बारामतीला होती. एसटीत मला म्हणाली, "सर, यादीत नाव आलं की आईला दाखविणार हाय. म्हणणार, बघ, कुणाला तरी मी हवी हाय."

मैदानावर निवडीचे प्रमुख म्हणून एक ढेरपोट्या गृहस्थ. त्यांनी आपली उंच भाची उभी केली, थाळीशेजारी बांबू रोवला आणि तिच्या गुडघ्याच्या अन् काखेच्या उंचीवर बांबूला चुन्याच्या दोन खुणा केल्या. "सगळ्यांना एकच माप! आपल्याकडं भेदभाव न्हाय!" बांबू धरायला कोण होतं? मीच. नियमांचं पुस्तक माझ्या खिशात होतं. पण "संघाबरोबर मास्तर म्हणून तुमालाच पाठवू" असं ते सकाळीच बोलले होते. मी मिठाची गुळणी धरली.

नकोशी उभी राहिली. पहिला चेंडू तिच्या कपाळासमोरून गेला. "स्ट्राइक!" तिनं माझ्याकडं बघितलं, मी बुटांकडं. दुसराही तसाच. तिसऱ्याला बिचारीनं उडी मारून बॅट फिरवली. हुकला. बाद.

"नाव काय?" प्रमुखांनी विचारलं.

"नकोशी."

"मग बराबर हाय की!" तंबाखूची पिंक टाकून ते खिदळले. आणि मीही हसलो. थू माझ्या तोंडावर! मीही हसलो.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "सर, माप ज्येच्या त्येच्या अंगाचं, ह्ये पुस्तकात हाय का तुमीच मनानं सांगितलं?"

"पुस्तकात आहे." सवयीनं माझा हात खिशावर गेला.

तिनं खिशाकडं बघितलं. "मग तितं का न्हाय काढलं?"



आठ दिवसांनी यादी आली. तिच्यात माझं नाव होतं.