नापास मुलींची पुस्तक समिती

फोन आला तेव्हा मी पार्सल फोडायला बसलो होतो. पुण्याहून नर्सिंगची नवी पुस्तकं आली होती आणि कुंदा सिस्टरांना वर्दी देताना त्यांची काय चेष्टा करायची, हे मी मनात घोळवत होतो. "या, तुमची शिकार आलीय" असं काहीतरी म्हणणार होतो. तेवढ्यात सुनंदाचा फोन. सुनंदा ही सिस्टरांची जुनी विद्यार्थिनी, आता महाडच्याच नर्सिंग कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "काका, सिस्टर गेल्या हो… दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत." मी म्हणालो, "बरं." खरंच, 'बरं' म्हणालो! असल्या वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. मग कात्री खाली ठेवली, अर्धवट कापलेली सुतळी तशीच लोंबत सोडली, शटर ओढलं आणि त्यांच्या घराकडे निघालो. ते पार्सल पुढे कित्येक दिवस दुकानात तसंच पडून होतं. त्याला हात लावायचा धीरच होईना, कारण त्यातली पुस्तकं पास की नापास हे सांगणारं माणूस आता उरलं नव्हतं.

माझं महाडच्या बाजारपेठेत पुस्तकांचं दुकान आहे. शाळेची पुस्तकं, वह्या, दिवाळीत आकाशकंदील, अशी सगळी भेसळ. नर्सिंगच्या पुस्तकांशी माझा संबंध आला तो सिस्टरांमुळे. त्या मूळच्या खाडीकाठच्या दासगावच्या. उमेदीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात काढली आणि नंतर इथल्या कॉलेजात शिकवायला आल्या. वयाने माझ्या थोरल्या बहिणीच्या बरोबरीच्या, म्हणजे खरं तर मी त्यांना ताई म्हणायला हवं होतं. पण सगळं गाव सिस्टर म्हणायचं म्हणून मीही सिस्टर म्हणायचो आणि त्या मला नावाने हाक न मारता 'दुकानदार' म्हणायच्या. निवृत्त झाल्या तरी कॉलेजची पुस्तकं निवडायचं काम त्यांनी कोणाला सोडलं नाही. नवी तुकडी यायच्या आधी त्या छत्री घेऊन दुकानात हजर. प्रकाशकांच्या छापील यादीवर खुणा करून पुस्तकं मागवणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. "फोटो बघून सून आणाल का तुम्ही?" असं त्या मला विचारायच्या. माझ्या आईने तसंच केलं होतं आणि आमचं झकास चाललंय, हे मी त्यांना दरवेळी सांगायचो.

पहिल्या भेटीतच त्यांनी मला गार केलं होतं. मी मोठ्या ऐटीत दुकानातलं सगळ्यात जाडजूड, चकचकीत पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते मधोमध उघडलं, काउंटरवर उताणं टाकलं आणि दोन्ही हात बाजूला घेतले. पुस्तक फाडकन मिटलं. "हे नको," त्या म्हणाल्या. मला रागच आला. म्हटलं, "अहो, वाचलंत तरी का?" तर म्हणाल्या, "दुकानदार, प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलीचे दोन्ही हात त्या डमीवर असतात. पुस्तक धरायला तिसरा हात कुठून आणू?" पुढे ही परीक्षा इतकी गाजली की पुण्याचा एक विक्री प्रतिनिधी पुस्तक आधीच मधोमध मुडपून घेऊन आला. उघडलं की बरोबर त्या पानावर शांत पडून राहायचं. सिस्टरांनी कौतुकाने पाहिलं, मग हळूच चाळीसेक पानं उलटून पुन्हा उघडलं आणि हात काढले. पुस्तकाने त्या बिचाऱ्याच्या तोंडावरच मिटून घेतलं. तो ओशाळला, पण सिस्टर इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की शेवटी तोही हसायला लागला. त्याला चहा पाजूनच सोडलं त्यांनी.

पुस्तक उताणं पडलं की त्या शेवटची सूची उघडून विंचू शोधायच्या. भातकापणीला महाड-पोलादपूर या आमच्या दोन्ही तालुक्यांत विंचवाने किती घरांची झोप उडवलीय ते इथल्या माणसाला सांगायला नको. "ज्याला विंचू माहीत नाही त्याला पोलादपूर माहीत नाही," म्हणत त्या पुस्तक बाजूला सारायच्या. अर्थात म्हणून परदेशी जाडे ग्रंथ त्यांनी अजिबात टाळले असं नाही. ग्रंथालयासाठी एक-दोन प्रती हट्टाने घ्यायला लावायच्या. मी एकदा म्हटलं, हे मुलींना पेलणार आहे का? तर त्यांनी मला नीट समजावलं. रोजचं पुस्तक घरातल्या माणसासारखं असावं, सारखं हाताशी. संदर्भग्रंथ म्हणजे मुंबईचा मोठा डॉक्टर. अडलं की जायचं, नेमकं विचारायचं आणि आपल्या घरी परत यायचं. तिथेच मुक्काम ठोकायचा नाही. औषधांच्या पुस्तकाबाबत मात्र त्या अगदी कडक. नवी आवृत्ती निघाली की जुनी फुकट दिली तरी नको. औषधांचं जुनं पुस्तक आणि कालची कोळंबी त्यांच्या मते सारख्याच लायकीची होती. दासगावची बाई, कोळंबीतलं कळणारच.

पण हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा कारभार पुढे सुरू व्हायचा. दुकानात एक बाकडं आहे. त्यावर त्या तीन मुली आणून बसवायच्या आणि त्या तिघी त्या विषयात नापास झालेल्या असायच्या. हीच त्यांची पुस्तक समिती! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मुलींना शिक्षा म्हणून आणलंय. मी म्हटलं, "सिस्टर, निवडायला वर्गातल्या हुशार मुली आणा की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हुशार मुलीला किराणा मालाची पुडी दिलीत तरी ती त्यावरचं वाचून पास होईल. तिचं मत घेऊन काय करू?" तिघींना एकच धडा तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचायला द्यायच्या. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि समजलेलं सांगायचं… कोणाला? तर मला! मी कॉमर्सचा पदवीधर. हृदय छातीत असतं यापलीकडे मला शरीराची माहिती नव्हती. "या माणसाला समजलं म्हणजे पेशंटच्या नातेवाइकाला नक्की समजेल," असं त्या माझ्यादेखत मुलींना सांगायच्या. मला समजलं नाही की पुस्तक नापास. ते परत पाठवायच्या पार्सलवर मी विचारायचो, "कारण काय लिहू?" त्यावर त्या ठसक्यात सांगायच्या, "लिहा, दुकानदाराला समजलं नाही." मीही तसंच लिहायचो. पुण्याच्या प्रकाशकाकडे माझ्या अकलेबद्दल काय मत असेल, याचा विचार मी सोडून दिला होता.

सुनंदा मला पहिल्यांदा दिसली ती याच बाकड्यावर. आधीच्या वर्षी सिस्टर आजारपणाच्या रजेवर असताना कॉलेजने यादीवर खुणा करून परस्पर पुस्तकं मागवली होती. शरीररचनेचं पुस्तक रंगीत, गुळगुळीत, पानोपानी फोटो. निम्मा वर्ग त्यात बुडाला. सुनंदा पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणची, मराठी शाळेतून आलेली, गप्प गप्प. ती नापास झाल्यावर तिचे वडील तिला घरी न्यायला वसतिगृहावर आले. नेमका तोच समितीचा दिवस. सिस्टर म्हणाल्या, न्यायचं तर न्या, पण आधी चहा घेऊ. आणि बापलेकीला घेऊन थेट माझ्या दुकानात आल्या. पोरीची ट्रंकसुद्धा सोबत होती. ती काउंटरला टेकवून ठेवलेली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"सिस्टर, उगाच कशाला?" वडील म्हणत होते. "हिला नाय जमत. घरी शेती हाय, नाचणी हाय. मुंबईला हिचा भाव हाय, तो बघंल कायतरी स्थळ."

"बघू दे की. तवर चहा तर घ्या," सिस्टर त्यांच्याच बोलीत म्हणाल्या आणि सुनंदाच्या हातात एक पुस्तक दिलं. हृदयाचा धडा. ते पुस्तक मी मागच्या फळीवर टाकलेलं. स्वस्त कागद, रंगाचा पत्ता नाही, नुसत्या रेघांची चित्रं. सुनंदाने वाचलं, मिटलं आणि माझ्याकडे न बघता माझी पेन्सिल उचलली. पार्सल बांधायच्या कागदावर तिने चार खोल्यांचं हृदय काढलं आणि बोलत गेली. सगळ्या अंगाचं अशुद्ध रक्त इथे उजवीकडे येतं, इथून फुप्फुसात जातं, शुद्ध होऊन डावीकडे परततं, आणि मग पुन्हा सगळ्या अंगाला. बाण काढताना तिचा हात एकदाही अडला नाही. चहाचा कप हातात धरून वडील वाकून बघत होते. "म्हंजे पाटाच्या पाण्यावानी हाय गो हे," ते म्हणाले. "फळी टाकली का मागं फिरत नाय."

"होय बाबा, फळी पन हाय. ही बघा," ती म्हणाली आणि तिने झडप काढून दाखवली.

सिस्टरांनी विचारलं, "त्या रंगीत पुस्तकातनं का नाय गो सांगता आलं?" सुनंदाने कागदावरच्या बाणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्यातला फोटो मला काढता येत नाय. हे चित्र मी काढू शकते. काढलं का कळतं." सिस्टरांचे डोळे चमकले. मग वडिलांकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुम्हाला समजलं, या दुकानदारालासुद्धा समजलं. पोरगी नापास नाय झाली हो. पुस्तक नापास झालं." वडिलांनी कप खाली ठेवला आणि ट्रंक उचलली. मला वाटलं, निघाले पोरीला घेऊन. पण ट्रंक खांद्यावर घेऊन ते लेकीला म्हणाले, "चल, वसतिगृहावर सोडतो. येष्टी चुकंल माझी." त्या वर्षी सगळ्या वर्गाला ते बिनरंगाचं पुस्तक मिळालं, आणि पुढच्या परीक्षेनंतर कुडपणहून माझ्या दुकानात नाचणीची पिशवी आली. तेव्हापासून दरवर्षी येते.

मग एका पावसाळ्यात सावित्री नदी बाजारपेठेत शिरली. महाडकरांना तिची ओळख करून द्यायला नको. पाणी ओसरल्यावर मी चिखलात बसलो होतो. सिस्टर विद्यार्थिनींची फौज घेऊन आल्या. सांत्वन वगैरे काही नाही, पदर खोचला आणि कामाला लागल्या. वाचवण्यासारखी पुस्तकं मुलींनी गच्चीवर दोऱ्यांना वाळत घातली. काही दिवसांनी त्यांतलं एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन सिस्टर खाली आल्या. पहिल्या भेटीत मिटलेलं तेच! पाणी पिऊन चांगलं फुगलं होतं. त्यांनी ते काउंटरवर उघडलं, हात काढले… आणि पुस्तक उताणं पडून राहिलं. "बघा दुकानदार, शेवटी शहाणं झालं!" त्या म्हणाल्या आणि पुराच्या चिखलात उभे राहून आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्या पुराचं दुःख मला आठवतंच, पण त्याच्याआधी ते हसणं आठवतं. पुस्तक मी विकलं नाही. अजून काउंटरच्या कोपऱ्यात उघडं पडून असतं.

सिस्टर गेल्यानंतर कॉलेजच्या कार्यालयातून निरोप आला की यंदा यादीवरूनच पुस्तकं पाठवा, निवडायला आता कोण आहे? मी हो म्हटलं. धंद्याच्या दृष्टीने सोयीचंच होतं. परत पाठवायची कटकट नाही. पण मला तो निम्मा बुडालेला वर्ग आठवला, काउंटरला टेकवलेली ट्रंक आठवली, आणि चैन पडेना. कुठल्यातरी वाडीवरचा बाप पुन्हा पोरीला न्यायला येईल आणि त्याला चहाला थांबवणारं कोणी नसेल, असं सारखं वाटत राहिलं.

आणि गेल्या आठवड्यात सुनंदा दुकानात आली. मागे तीन मुली, खाली मान घालून.

"या कोण?" मी विचारलं.

"नापास," सुनंदा म्हणाली. "औषधशास्त्रात. पार्सल कुठाय, काका? कार्यालयाशी माझं बोलणं झालंय."

मी बोट दाखवलं. लोंबणारी सुतळी तिनेच कापली. मुली बाकड्यावर बसल्या. पहिलं पुस्तक उताणं पडलं. सूचीत विंचूही निघाला. मग त्यांतली सगळ्यात बुजरी, आंबेनळी घाटाच्या बाजूची पोर, वाचून उभी राहिली आणि रक्तदाबाच्या गोळ्या कशा काम करतात ते मला सांगू लागली. बिचारी घाम येईपर्यंत सांगत होती. सुनंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळ्या तुकडीची विक्री हातात होती.

"काका, समजलं का?" पोरीने विचारलं.

"नाही गो," मी म्हणालो. "काडीचं नाही." तिचा चेहरा उतरला. तेव्हा सुनंदा तिला म्हणाली, "तू कशाला रडतेस? तू नाय, पुस्तक नापास झालंय." पोर आधी गोंधळली आणि मग अशी काही हसली की बाकीच्या दोघीही हसायला लागल्या.

दुसऱ्या पुस्तकाने बाजी मारली, त्याची मागणी मी तिथेच लिहून घेतली. मग पहिल्याचं पार्सल पुन्हा बांधायला घेतलं. पुस्तकं परत पाठवताना इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता. पत्ता लिहिला आणि सवयीने, मान वर न करताच विचारलं, "कारण काय लिहू?" कोपऱ्यातलं ते फुगलेलं पुस्तक उघडं पडलं होतं.

"नेहमीचंच," सुनंदा म्हणाली.

मी लिहिलं, दुकानदाराला समजलं नाही.