डबीत कोण हाय?

गयाबाई कासारीण रोज सकाळी त्या डबीशी बोलायच्या. देवाशी बोलतात तसं हात जोडून नव्हे. कुडापलीकडच्या शेजारणीशी बोलतात तसं, तोंडात मशेरी धरून. "उठलात का? आमच्याकडं रातच्यापून लाइट न्हाई बघा. तुमच्याकडं हाय का?" असं विचारायचं, थोडं थांबायचं, मान हलवायची आणि मग चूळ भरायला उठायचं. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायच्या, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं तेव्हा मी हसले होते.

डबी म्हणजे साबणाच्या डबीएवढं पांढरं यंत्र. त्यातून एक वायर निघते आणि वायरीच्या टोकाला बोटात अडकवायचा चिमटा असतो. चिमटा नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो, डबीतलं सिमकार्ड ते आकडे बीडला आमच्या दवाखान्यात पाठवतं, आणि इथे पडद्यासमोर मी बसलेली असते. मी नर्स. आधी वॉर्डात होते, गुडघ्यांनी दगा दिल्यावर मला ह्या खोलीत बसवलं. गावोगावचे पेशंट आपापल्या घरात आणि त्यांची काळजं माझ्या पडद्यावर, अशी ही नोकरी. रेघ लाल झाली की फोन करायचा, काय होतंय विचारायचं, डॉक्टरांना सांगायचं.

गयाबाईंचं हृदय अशक्त झालं होतं. आमच्याकडे काही दिवस राहून त्या तलवाड्याला घरी गेल्या, तेव्हा डबी बसवायला मीच गेले होते. खाटेशेजारी ठेवली, लाइटची वायर भिंतीत खोचली, हिरवा दिवा लागला; लाइट गेली तर आतली बॅटरी होतीच. गयाबाईंनी डबी उचलून कानाशी धरली, हलवून पाहिली आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "डबीत कोण हाय?"

उन्हातून गेले होते, परतीची गाडी गाठायची होती, आणि मला जरा थट्टा करायची खोडच आहे. म्हटलं, "मीच आहे की. तुम्ही चिमटा लावला की मला सगळं कळतं." झालं! त्या दिवसापासून मी त्या डबीत राहायला गेले.

त्यांचा जन्म बांगड्या भरण्यात गेला होता. आजूबाजूच्या गावांतही त्यांच्याच हातच्या बांगड्या चालायच्या. मनगट आवळून धरलेल्या बाईला त्या म्हणायच्या, "हात सैल सोड. तू आवळलास तर काच तुलाच लागंल." मग तिला बोलण्यात गुंतवायच्या आणि ती सासूचं गाऱ्हाणं सांगत असताना बोटं दुमडून बांगडी कधी चढवली ते तिला कळायचंही नाही. चेहरा विसरतील पण हात विसरायच्या नाहीत. दवाखान्यात एकदा वॉर्डात मदतीला जाऊन मी त्यांना सलाइन लावत होते, तेव्हाही त्यांनी माझंच मनगट चाचपलं होतं. म्हणाल्या, "सव्वादोनचा हात हाय तुमचा. आन् रिकामा कावून ठेवलाय?" ड्यूटीवर बांगड्या चालत नाहीत, हे कारण त्यांना अजिबात पटलं नाही.

आता अशा बाईच्या हातात दुसऱ्याच्या बोटाला लावायची वस्तू दिली, तर ती काय स्वतःपुरती ठेवणार? शेजारीण आली, लाव चिमटा. ताक मागायला पोरगी आली, लाव चिमटा. "हात सैल सोड गं. आत सिस्टरबाई बसल्यात, त्या बघत्यात." इकडे माझ्या पडद्यावर गयाबाईंच्या नावापुढे कधी पोरीची नाडी, कधी दम लागलेल्या म्हाताऱ्याची. घाबरून फोन करावा, तर पलीकडून निवांत आवाज, "म्या न्हाई ओ, ते रामभाऊ हायेत." एकदा नाडी अशी काही धावायला लागली की मी डॉक्टरांना उठवून आणलं. फोन केला, तर शेळी चारा खात नव्हती म्हणून तिच्या कानाला चिमटा लावला होता. डॉक्टर म्हणाले, डबी काढून आणा. मी मधे पडले, हातापाया पडून ती तिथेच राहू दिली.

पुढे एकदा मी गेले, तर डबीवर हळद-कुंकवाची बोटं. बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला नमस्कार करते, तसा चिमटा काढला की लोक डबीला नमस्कार करायला लागले होते. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, तसं डबीची रेंज गेली की गयाबाई फोन करून विचारायच्या, "डबी वाढली का हो?" मला ते अशुभ वाटायचं. बंद पडली म्हणा ना बाई, असं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बंद म्हनू न्हाई. आत तुमी हाव."

आणि मग तो उपासाचा दिवस. मी कुणाला सांगून उपास करत नाही, घरीसुद्धा नाही. दुपारी नेहमीचा फोन केला, तर गयाबाई आधी हेच म्हणाल्या, "आज तुमी जेवल्या न्हाईत." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, "सकाळी डबीला हात लावला, गार लागली." शेजारच्या टेबलावर यंत्रं दुरुस्त करणारा सिद्धार्थ बसतो, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, डबीत माइक नाही, कॅमेरा नाही, काही नाही. आवाजावरून ओळखलं असंल." तसंच असेल. पण त्यानंतर सकाळी खुर्चीत बसताना मी पदर सारखा करून बसायला लागले, हे खरं आहे.

ह्या सगळ्या गमतीच्या खाली एक धास्ती होती, ती म्हणजे त्यांची सून, मीरा. मुलगा दत्ता मालट्रकवर, पंधरवड्यातून एखाद्या वेळी घरी. घरात ह्या दोघीच. मीराची दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. फोनवर गयाबाई स्वतःच्या छातीबद्दल कधी बोलल्या नाहीत. मीराच्या पायावर सूज आहे, मीरा आज कमी जेवली, एवढंच. एकदा आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला पुढचं दिसंल, न दिसंल. ही वाचली पायजे. तुमी नजर ठिवा."

नजर ठेवायची म्हणजे काय, तर रोज सकाळी आधी स्वतःच्या बोटाला चिमटा, मग तो पदराला पुसायचा, मग मीराच्या बोटाला. "पयलं माझं, मग हिचं," असा त्यांचा नेम. पडद्यावर मला एक रेघ दिसायची, मग पुसण्यापुरती रिकामी जागा, मग दुसरी रेघ. गयाबाईंची नाडी मधेच ठेचकाळायची, उंबऱ्याला अडखळून पुन्हा सावरावं तशी. मीराची जलद आणि सरळ. नाव वाचायची गरजच नव्हती, रेघ बघूनच कळायचं कोण आहे ते.

मग एका संध्याकाळी त्या अंगाच्या गावांची लाइट गेली आणि मागोमाग टॉवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर तलवाडा, शेजारची गावं, सगळं काळं. फोन लागेना. असं अधूनमधून होतंच. टॉवर सुरू झाल्यावर पहिला फोन आला तो दत्ताचा, "सिस्टर, आई गेली." पहाटे गेल्या. बोटात चिमटा तसाच होता म्हणे.

मी भेटायला गेले. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. डबी आणि चिमटा फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला. गेलेल्या माणसाच्या बोटातली वस्तू, सुतक फिटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं भावकीतल्या बायकांनी बजावलं होतं. मीही म्हटलं, राहू द्या, तेराव्यानंतर माणूस पाठवते. मीरा भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा मला सुजलेला वाटला, पण रडून रडून सगळ्यांचेच चेहरे सुजले होते.

यंत्र परत आल्याशिवाय पेशंटचं नाव काढायचं नाही, हा आमच्या खोलीचा नियम. त्यामुळे गयाबाईंचं नाव पडद्यावर तसंच होतं, पुढे नुसती काळी पट्टी. रोज नजर तिथे जायचीच. तेरावं झालं, दत्ता गाडीवर गेला. एका दुपारी मी डबा खाऊन हात पुसत खुर्चीत बसले आणि समोर गयाबाईंच्या नावापुढे लाल रेघ धावत होती.

ऑक्सिजन खाली, आणखी खाली, नाडी जोरात. आणि ती नाडी मधेच ठेचकाळत होती. उंबऱ्याला अडखळावं तशी. मी सिद्धार्थचा दंड धरला. तो म्हणाला, काहीतरी गडबड आहे, मेलेल्या माणसाची नाडी कुठून येणार, तुम्ही दुर्लक्ष करा. दुसरं कुणी असतं तर केलं असतं. पण गयाबाईंच्या नावावर परक्यांच्या नाड्या बघण्यात माझा वर्षभराचा काळ गेला होता. तिथे रामभाऊ असतात, ताक मागणारी पोरगी असते, शेळी असते. त्या घरात आता एकटी मीरा आहे. म्हणजे हा चिमटा मीराच्या बोटाला आहे आणि मीरा मरायला टेकली आहे. नाडी कशी ओळखीची वाटतेय, ह्याचा विचारच मी मनात येऊ दिला नाही.

मीराचा फोन वाजत राहिला. मग शेजारणीला लावला आणि म्हटलं, हातातलं टाक आणि पळ. डॉक्टरांना न विचारता मी रुग्णवाहिका बोलावली. शेजारीण फोन चालूच ठेवून पळत गेली. दार ढकलल्याचा आवाज आला, आणि मग तिचा असा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. मीरा जमिनीवर पडली होती. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. शेजारीण म्हणत होती, "बाई, हिला झटकं आलेत." तिला कुशीवर वळव, एवढंच मी पुन्हापुन्हा सांगत राहिले.

रक्तदाब चढून आलेले ते झटके होते. तालुक्याच्या गावी, गेवराईला न थांबता तिला थेट बीडला आणलं. डॉक्टरांनी लगेच पोटातून बाळ काढलं. मुलगी झाली, एवढीशी, पण रडली. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघींपैकी कुणी हाती लागलं नसतं, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. मग विचारलं, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, तिनं चिमटा लावला होता.

मीरा बोलायला लागली तेव्हा मी तिच्याजवळ बसले. चांगलं केलंस, वेळेवर चिमटा लावलास, असं म्हणाले. तिनं मान हलवून नाही म्हटलं. म्हणाली, "म्या न्हाई लावला. चिमट्याला हातच न्हाई लावला. कोनाडा झाडताना डबी खाली काढली. डोकं लई ठणकत होतं, डोळ्यापुढं काजवं. घरात कुनी न्हाई. वाटलं, हिरवा दिवा तरी लागू द्यावा. निस्ती लाइटची वायर खोसली."

उठून सिद्धार्थकडे गेले. तोवर डबी गाडीतल्या माणसांनी मीरासोबतच आणून दिली होती, कुंकवाची बोटं अजून तिच्यावर होती. सिद्धार्थनं ती उघडली, तारा जोडल्या आणि आतले आकडे बघितले. मग त्यानं समजावून सांगितलं. रेंज नसली तर डबी आकडे पोटात धरून ठेवते. रेंज आली की सोडते. टॉवर सुरू होण्याआधीच बॅटरी पार उतरली आणि तिचं घड्याळ पुसलं गेलं, म्हणून जुने आकडे वायर खोचल्यावर सुटले आणि आजचे म्हणून आले. ती रेघ गयाबाईंचीच होती, ज्या पहाटे त्या गेल्या त्या पहाटेची. टॉवर बंद असताना त्यांनी चिमटा लावला आणि त्या माझ्या फोनची वाट बघत राहिल्या. सिद्धार्थ म्हणाला, "बघा, भुताटकी वगैरे काही नाही." डबीचं झाकण मात्र त्यानं दोन्ही हातांनी, हळूच बसवलं.

हे मीराला सांगावं की नाही, ह्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं, तर ती दचकली नाही. मुलीला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि त्या पहाटेचं सांगायला लागली. ती चुलीपाशी पाणी तापवत होती. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दम लागल्याचा आवाज आला म्हणून धावत आली. फोन लावून पाहिला, लागला नाही. शेजारी गाडी शोधायला पळाले. आत्याबाईंनी डबी उराशी धरली होती आणि तिच्याशी बोलत होत्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, सिस्टरबाई, माझं जाऊ द्या आता. हिच्याकडं तेवढं बघा."

मला रडू फुटलं. वॉर्डातल्या बायका बघत होत्या, बघू देत. डबीला कान नाहीत हे मला माहीत आहे, तिचं पोट उघडलेलं मी पाहिलंय, आत एक हिरवी पट्टी आणि चार तारा आहेत. मीराला मी हे काही सांगितलं नाही. ती मुलीच्या मुठीत आपलं बोट घालून म्हणत होती, "सैल सोड गं, सैल सोड."

यंत्र परत आलं होतं, तेव्हा नियमाप्रमाणे नाव काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले. डबी सिद्धार्थच्या टेबलावर होती आणि त्यानं वायर खोचून ठेवली होती, हिरवा दिवा चालू होता. खोलीत कुणी नाही हे बघून घेतलं. मग वाकून तिच्याजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "बघितलं, गयाबाई. दोघींकडं बघितलं."