सीटवरची चप्पल

डेपोतल्या माझ्या टेबलावरून समोर पार्सलची गाडी दिसते आहे. ड्रायव्हरच्या सीटवर एक मळकी चप्पल ठेवलेली आहे. म्हणजे आमचे मेकॅनिक दत्तूमामा गाडीखाली आहेत, कुणी गाडी सुरू करू नये.

खरं तर त्यासाठी लाल पाटी आहे. ती माझ्या कपाटात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तेलाचे डाग पडले तर तपासणीला काय दाखवणार? रजिस्टरात 'पाटी लावली' या रकान्यात मी मात्र रोज 'होय' लिहिते. एकदा न राहवून पाटी मामांपुढे धरली, तर म्हणाले, "राहू द्या मॅडम. पाटी कोण वाचतंय? दुसऱ्याच्या चपलेवर मात्र कुणी बसत नाही."

खरंच बसत नाही. किल्ली घेऊन आलेला ड्रायव्हर चप्पल बघतो आणि मुकाट्यानं चहाला जातो. इतकी वर्षं मामांचा जीव त्या चपलेच्या भरवशावर आहे, माझ्या 'होय'च्या नाही.

उद्या नवा ड्रायव्हर रुजू होतोय. सुरक्षेचे सगळे नियम वाचल्याची त्याची सही मी सकाळीच घेतली. चपलेबद्दल त्यात एक ओळही नाही.